सांडपाण्याच्या गाळापासून घन आम्ल उत्प्रेरक: गाळ आणण्यापासून पाचव्या फेरीपर्यंत

एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, बेल्ट प्रेसवरून किंवा सेंट्रिफ्यूजमधून पडणाऱ्या एक किलो ओल्या गाळात पाणीच जवळजवळ ८०० ग्रॅम असते. ते उडवले की २०० ग्रॅम कोरडा माल हाती लागतो. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग सेंद्रिय असतो: जिवाणूंची शरीरे, मेद, कागदाचे तंतू. उरलेली राख. त्या राखेत वाळू, माती, कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम, फॉस्फेट आणि थोडे जस्त, तांबे, निकेल असते. या २०० ग्रॅमचा कोळसा केला तर १०० ते ११० ग्रॅम मिळतो, तो आम्लाने धुतला की ७५ ते ८५ ग्रॅम उरतो, आणि तेवढाच उत्प्रेरक तयार होतो.

या लेखात दिलेला उत्प्रेरक म्हणजे सल्फॉनिक गट (गंधकाचे आम्लधर्मी गट) बसवलेला कोळसा. तो गंधकाम्लासारखे काम करतो, पण विरघळत नाही. गाळून काढता येतो, पुन्हा वापरता येतो. जपानमध्ये मिचिकाझु हारा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली साखर अर्धवट जाळून आणि तिचे सल्फोनेशन करून, म्हणजे गंधकाम्लाने तिच्यावर हे गट बसवून, असा उत्प्रेरक बायोडिझेलसाठी दाखवला. साखर शुद्ध असते, गाळ नसतो, आणि इथला सगळा फरक त्यातून येतो. साखरेची कृती जशीच्या तशी गाळावर लावणाऱ्यांचे काम बहुतेक वेळा राखेपाशी अडते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी राखेकडे लक्ष ठेवून लिहिली आहे.

कुठला गाळ यासाठी योग्य, हा प्रश्न शेतीशीही जोडलेला आहे. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये जस्त किलोमागे १००० मिलिग्रॅम, तांबे ३००, शिसे १००, निकेल ५०, क्रोमियम ५० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. या मर्यादेत बसणारा गाळ शेतातच जावा. त्यातले नत्र आणि स्फुरद जाळून टाकण्यात अर्थ नाही. मर्यादेबाहेरचा, ज्याला आज डंपिंग ग्राउंडशिवाय जागा नाही, तो इथे आणावा.

गाळ निवडताना

केंद्रावर गेल्यावर ऑपरेटरला तीन गोष्टी विचारा. गाळ प्राथमिक टाकीतला आहे, दुय्यम (जिवाणूंच्या टाकीनंतरचा) आहे की डायजेस्टरमधून (गाळ कुजवून गॅस काढणाऱ्या बंद टाकीतून) आलेला? पाणी काढण्यासाठी पॉलिमर घालतात, चुना घालतात की फेरिक क्लोराइड? आणि लाइनवर कारखान्याचे सांडपाणी येते का? आम्ल उत्प्रेरकासाठी पॉलिमर वापरलेला दुय्यम गाळ सर्वांत चांगला. एसबीआर पद्धतीच्या (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणाऱ्या आणि गाळ बसवणाऱ्या) केंद्रांत प्राथमिक टाकी बहुधा नसतेच, त्यामुळे तिथला गाळ सहसा चालतो. फक्त ग्रिट चेंबर (वाळू खाली बसवणारी टाकी) नीट चालतो की नाही ते बघा. डायजेस्टरमधल्या गाळातला सेंद्रिय भाग आधीच गॅस होऊन गेलेला असतो, म्हणून राखेचा टक्का चढतो. चुना घातलेला गाळ या कामासाठी घेऊच नका. फेरिकवाल्या गाळाचा वेगळा उपयोग आहे, तो शेवटी येतो.

नमुना एका वेळचा नको. दिवसभरात चार-पाच वेळा एकेक किलो घ्या आणि एकत्र कालवा. त्यातला १० ग्रॅम १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, मग मफल फर्नेसमध्ये ५५० अंशांवर दोन तास ठेवा. उरते ती राख. कोरड्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत राख असेल तर उत्तम, ५० पर्यंत चालवून घेता येते, त्यापुढे आम्ल उत्प्रेरकाचा नाद सोडा. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यावरची माती मॅनहोलमधून गटारात उतरते आणि त्याच केंद्राच्या गाळातली राख वाढते. शक्य असेल तर वर्षभराचा गाळ हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आणून, वाळवून, डब्यात भरून ठेवा.

ओल्या गाळात जंतांची अंडी आणि रोगजंतू जिवंत असतात. रबरी हातमोजे, मास्क, चष्मा आणि वेगळी भांडी हवीत. ही भांडी परत दुसऱ्या कामाला घ्यायची नाहीत. गच्चीवर पसरून वाळवण्याचा मोह होतो, तो टाळा. माश्या बसतात आणि वाळलेली भुकटी वाऱ्यावर उडते.

वाळवणे आणि दळणे

स्टीलच्या ट्रेमध्ये गाळ एक ते दीड सेंटिमीटर जाडीने पसरा आणि १०५ अंशांवर २४ तास ठेवा. ओव्हनचा धुराडा बाहेर काढलेला असावा, वास तीव्र असतो. पाच-सहा तासांनी वर कडक पापुद्रा धरतो आणि आत ओलावा अडकतो. उलथन्याने मोडून, उलटवून पुन्हा पसरा. हे केले नाही तर ४८ तासांनीही ढेकळाचा गाभा ओला निघतो आणि पुढे भट्टीत वाफ होऊन नळीत पाणी जमते. वाळलेले ढेकूळ दाबल्यावर टचकन फुटले पाहिजे. मग खलबत्त्यात किंवा बॉल मिलमध्ये दळून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. केस, प्लॅस्टिकचे तुकडे, भाज्यांच्या बिया चाळणीवर राहतात, त्या फेका. इथे फार बारीक दळू नका, कारण बारीक भुकटी नायट्रोजनबरोबर भट्टीतून उडून जाते.

कोळसा करणे

ट्यूब फर्नेस असेल तर ५० ग्रॅम भुकटी सिरॅमिक बोटीत अर्ध्यापर्यंत भरा. नायट्रोजन मिनिटाला २०० मिली ठेवा आणि १५-२० मिनिटे नळीतली हवा बाहेर जाऊ द्या. मग मिनिटाला ५ अंशांनी तापमान वाढवत ४५० वर न्या आणि एक तास धरा.

४५० अंशच का? ३५० च्या खाली मेद आणि प्रथिने पुरती मोडलेली नसतात. त्यांचे सल्फोनेशन झाले की पाण्यात विरघळणारे तपकिरी पदार्थ बनतात आणि धुताना सगळे वाहून जाते. ६०० च्या वर कार्बनची वलये एकमेकांना जुळून मोठे थर होतात, आणि सल्फॉनिक गट ज्या कडांवर बसतात त्या कडाच कमी उरतात. ४०० ते ५०० हा मधला पट्टा. पृष्ठफळ मात्र या तापमानाला फारसे मिळत नाही. मोठे पृष्ठफळ दिसावे म्हणून ८०० अंशांवर पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून कोळसा करायचा आणि मग त्यात आम्लाचे गट बसत नाहीत म्हणून हळहळायचे, ही चूक वारंवार होते. मेदाम्ल आणि मेथनॉलपासून बायोडिझेल करण्याच्या अभिक्रियेत पृष्ठफळापेक्षा आम्लाची जागा मोलाची.

ट्यूब फर्नेस नसेल तर झाकणाच्या क्रुसिबलमध्ये गाळ दाबून भरा, ते क्रुसिबल मोठ्या झाकणाच्या भांड्यात ठेवा आणि मधली जागा लाकडी कोळशाच्या भुकटीने भरा. आत शिरणारी हवा आधी ती भुकटी खाते. असा कोळसा थोडा असमान होतो, पण शिकण्यासाठी पुरतो.

बाहेर पडणारा वायू हलक्यात घेऊ नका. गाळात नत्र आणि गंधक दोन्ही भरपूर असल्याने अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड आणि थोडे हायड्रोजन सायनाइडही निघते. काम फ्यूम हूडमध्येच करा. निर्गम नळीला आधी डांबर धरणारी बर्फातली रिकामी बाटली, मग उलटे पाणी ओढले गेले तर ते अडवणारी दुसरी रिकामी बाटली, आणि त्यानंतर १० टक्के कॉस्टिक सोड्याची बाटली जोडा. डांबर निर्गम नळीत थंड होऊन तुंबते. बुडबुडे अचानक थांबले तर तेच झाले असे समजा, भट्टी बंद करा, नळी मोकळी करा. भट्टीच्या तोंडापासून पहिल्या बाटलीपर्यंतची नळी आखूड आणि रुंद ठेवली तर ही वेळ क्वचित येते.

भट्टी ६० अंशांच्या खाली येईपर्यंत नायट्रोजन चालू ठेवा. गरम कोळशाला हवा लागली की तो आपोआप पेट घेतो. ट्रेवर काढलेल्या काळ्या भुकटीच्या कडा करड्या-तांबूस दिसू लागल्या की घात झालाच. चांगला कोळसा एकसारखा काळा, बोटाला लागणारा आणि जवळजवळ बिनवासाचा असतो. पोटात तपकिरी ठिपके दिसले तर वेळ कमी पडला. मिळकत कोरड्या गाळाच्या ५० ते ५५ टक्के धरा. ६५ च्या वर मिळाली तर खूश होऊ नका, राख जास्त आहे.

आता कोळसा १५० ते ३०० मायक्रॉनच्या मधला ठेवा. तो पाण्यात ढवळून अर्धा मिनिट थांबा आणि वरचा काळा द्रव दुसऱ्या भांड्यात ओता. तळाशी वाळूचा चकचकीत थर राहतो. असे तीनदा केले की राखेचा मोठा वाटा आम्लाचा एक थेंबही न वापरता जातो.

आम्लधुणी: टाळता न येणारी पायरी

राख काढली नाही तर पुढे काय होते ते आधी समजून घ्या. कोळशातले कॅल्शियम कार्बोनेट गंधकाम्लाशी मिळून जिप्सम बनवते आणि ते छिद्रांत बसते. नवे बसलेले सल्फॉनिक गट कॅल्शियम, लोह आणि पोटॅशियम धरून बसतात, म्हणजे गट असूनही त्यांच्याकडे द्यायला प्रोटॉन नसतो. वर मूलद्रव्य विश्लेषणात गंधक भरघोस दिसते, कारण जिप्समचे गंधकही त्यात मोजले जाते. गाळाच्या उत्प्रेरकात एकूण गंधकाच्या आकड्यावरून आम्लता सांगणे चूक आहे. हा आकडा अहवालात एकटा दिसला तर त्यावर विसंबू नका.

१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल करण्यासाठी ३५ टक्क्यांच्या आम्लाचे ८८ मिली पाण्यात घालून एक लिटर करा. कोळशाच्या प्रत्येक ग्रॅमला २० मिली घ्या. आम्ल एकदम ओतू नका. एक तर कार्बोनेटमुळे फेस येतो. दुसरे आणि जास्त महत्त्वाचे: गाळातल्या लोहाचे आणि गंधकाचे कोळशात लोह सल्फाइड झालेले असते, आणि त्यावर आम्ल पडताच हायड्रोजन सल्फाइड सुटतो. भांड्याच्या तोंडाशी लेड ॲसिटेटचा ओला कागद धरला तर काही सेकंदांत काळा पडतो. नाकावर भरवसा नको, जास्त प्रमाणात हा वायू वासाची जाणीवच मारतो. फ्यूम हूडची काच खाली, आम्ल थेंबाथेंबाने, आणि फेस थांबल्यावर १२ तास ढवळणे.

गाळलेला द्रव पिवळा असेल तर लोह निघत आहे. तो जवळजवळ रंगहीन येईपर्यंत दुसरी धुणी द्या. मग पाण्याने धुवा. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर दुधाळपणा आला नाही की क्लोराइड संपले. १०५ अंशांवर वाळवून राख पुन्हा मोजा. कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि बरेचसे लोह गेलेले असते, सिलिका आणि मातीची खनिजे उरतात. ती निष्क्रिय आहेत, फक्त वजन वाढवतात. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने तीही काढता येतात, पण त्या आम्लाचा धोका या फायद्याच्या मानाने फार मोठा आहे. आमच्या मते ते या कामात आणूच नये.

धुणीचे पाणी बेसिनमध्ये ओतायचे नाही. गाळातले जस्त, तांबे, निकेल आता त्यात आहे. चुन्याने पीएच ९ ते १० पर्यंत नेऊन हायड्रॉक्साइडचा साका बसू द्या. तो साका धोकादायक कचरा म्हणून तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे आहेत तशा सामाईक केंद्राकडे जातो. हा खर्च धरला नाही तर गाळाचा उत्प्रेरक स्वस्त वाटतो तेवढा असत नाही.

सल्फोनेशन

पूर्ण वाळलेला ५ ग्रॅम कोळसा २५० मिलीच्या तीन तोंडी गोल बुडाच्या चंबूत घ्या. ९८ टक्के गंधकाम्ल ७५ मिली, थोडे थोडे. काचेचा किंवा टेफ्लॉनचा ढवळा, सिलिकॉन तेलाचा बाथ, १५० अंश, १० तास, नायट्रोजनची मंद धार. गंधकाम्ल कोळशाचे थोडे ऑक्सिडीकरणही करते, म्हणून सल्फर डायऑक्साइड निघतो. निर्गम नळी कॉस्टिकच्या बाटलीत, मध्ये रिकामी बाटली हवीच. कोळसा ओला राहिला असेल तर आम्ल पातळ होते आणि सल्फोनेशन अर्धवट राहते, म्हणून वापरण्याआधी १०५ अंशांवर रात्रभर ठेवा. बाथ १८० च्या वर गेला तर कोळसाच झिजू लागतो.

चंबू खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग दोन लिटरच्या बीकरमध्ये बर्फाने थंड केलेले एक लिटर पाणी घ्या, ढवळा चालू ठेवा आणि काळे मिश्रण बारीक धारेने त्यात सोडा. धार पाण्याला लागते तिथे चुरचुर होते आणि बीकरची कड हाताला गरम लागू लागते; तशी लागली की थांबा, थंड होऊ द्या, पुन्हा सोडा. नेहमी आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. चंबूत खाली राहिलेला काळा गाळसुद्धा पाणी ओतून विसळू नका. आधी तोही थंड पाण्याच्या बीकरमध्ये उपडा करा.

सिंटर्ड काचेच्या फनेलवर गाळा आणि ८० ते ९० अंशांच्या गरम पाण्याने धुवा. दर धुणीच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाका. पहिल्या धुणीत दह्यासारखा पांढरा साका पडतो, पाच-सहा धुण्यांनंतर धुरकट होतो, आणि दहा ते पंधरा धुण्यांनंतर पाणी नितळ राहते. इथे घाई करणाऱ्याच्या उत्प्रेरकात छिद्रांत अडकलेले मोकळे गंधकाम्ल राहते. पहिल्या फेरीत तो झकास चालतो आणि दुसऱ्या फेरीत गळपटतो. यानंतर मेथनॉलमध्ये दोन तास रिफ्लक्स करा, म्हणजे वाफ थंड होऊन परत चंबूत पडेल असे उकळा. मेथनॉल तपकिरी झाले तर विरघळणारे सल्फोनेटेड तुकडे निघत आहेत, ते अभिक्रियेत निघण्यापेक्षा इथे निघालेले बरे. पुन्हा गरम पाणी, आणि १०५ अंशांवर वाळवणे.

वापरलेल्या आम्लाचा हिशेब करून बघा. ७५ मिली म्हणजे १३८ ग्रॅम, ५ ग्रॅम कोळशाला. ते सगळे निष्क्रिय करायला किमान १०२ ग्रॅम भिजवलेला चुना लागतो आणि जिप्समचा नवा ढीग तयार होतो. कचऱ्यातून उत्प्रेरक म्हणताना हे विसरून चालणार नाही. उपाय असा की पाण्यात सोडण्याआधीच संहत आम्ल सिंटर्ड फनेलवर व्हॅक्यूमने ओढून घ्यायचे आणि पुढच्या घाण्यात वापरायचे. अभिक्रियेत पाणी तयार होत असल्याने त्याचा जोर हळूहळू कमी होतो, म्हणून दर वेळी ताजे आम्ल मिसळा. ढवळा चांगला असेल तर ग्रॅमला १५ ऐवजी १० मिलीवरही भागते.

आम्लता मोजणे

०.२०० ग्रॅम कोरडा उत्प्रेरक, २ मोलर मिठाचे द्रावण २० मिली (शुद्ध सोडियम क्लोराइड, १०० मिलीला ११.७ ग्रॅम), २४ तास हलवा. सोडियम आत जातो, प्रोटॉन बाहेर येतो. गाळून, थोड्या पाण्याने विसळून, सगळा द्रव ०.०१ मोलर कॉस्टिक सोड्याने फेनॉल्फथॅलिनवर टायट्रेट करा. समजा १४.० मिली लागले: १४.० × ०.०१ = ०.१४ मिलिमोल, भागिले ०.२, म्हणजे ग्रॅममागे ०.७० मिलिमोल. कोरा प्रयोग म्हणून सल्फोनेशन न केलेला, पण आम्लाने धुतलेला कोळसा याच पद्धतीने मोजा आणि वजा करा. ०.६ च्या वर चांगले, ०.३ ते ०.६ कामचलाऊ, ०.२ च्या खाली असेल तर आम्लधुणीपासून पुन्हा सुरुवात.

ब्युरेटखालच्या चंबूकडे बारकाईने बघा. गुलाबी रंग येण्याआधी द्रवात तपकिरी कापसासारखे कण तरंगू लागले तर उत्प्रेरकातून फेरिक लोह सुटले आहे. पांढरा लोळदार साका दिसला तर ॲल्युमिनियम. हे दोन्ही कॉस्टिक खातात, एक आयन तीन हायड्रॉक्साइड गिळतो, आणि तुम्हाला वाटते आम्लता जास्त आली. असे दिसले की तो आकडा टाकून द्या आणि कोळसा पुन्हा धुवा.

चाचणी: ओलिक आम्ल आणि मेथनॉल

५० किंवा १०० मिलीच्या चंबूत १० ग्रॅम ओलिक आम्ल (३५.४ मिलिमोल), मेथनॉल १४.३ मिली (दहापट मोल), उत्प्रेरक ०.५ ग्रॅम. ६५ अंश, कंडेन्सर, मिनिटाला ५०० ते ६०० फेरे. दर तासाला १ मिली नमुना काढा, सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्रव उघड्या बशीत ८० अंशांवर अर्धा तास ठेवून मेथनॉल आणि पाणी घालवा. साधारण ०.५ ग्रॅम अचूक तोलून, उदासीन केलेल्या २५ मिली अल्कोहोलमध्ये विरघळवून, ०.१ नॉर्मल अल्कोहोलिक पोटॅशने टायट्रेट करा. आम्लांक (एक ग्रॅम नमुन्यातले आम्ल उदासीन करायला लागणारे पोटॅशचे मिलिग्रॅम) म्हणजे लागलेले मिली, गुणिले ०.१, गुणिले ५६.१, भागिले नमुन्याचे ग्रॅम. शुद्ध ओलिक आम्लाचा आम्लांक १९८.६ येतो. चार तासांनी तो २२ वर आला तर रूपांतर ८९ टक्के.

पण एकटा हा आकडा काही सिद्ध करत नाही. सोबत आणखी तीन चंबू लावा: एकात उत्प्रेरक नाही, एकात सल्फोनेशन न केलेला कोळसा, आणि तिसऱ्यात उत्प्रेरक एक तासाने गरमच गाळून काढून उरलेला द्रव तसाच तापवत ठेवायचा. मेदाम्ले स्वतःच दुबळी आम्ले असल्याने पहिल्या चंबूतही थोडी अभिक्रिया होते, ती वजा करावी लागते. तिसऱ्या चंबूतली अभिक्रिया गाळल्यानंतरही पहिल्यासारखीच धावत राहिली, तर काम घन उत्प्रेरक करत नाही; त्यातून सुटलेले गंधकाम्ल करत आहे.

पुनर्वापराची चाचणी सर्वांत जास्त फसवते. सहा तास चालवून पाच फेऱ्यांत ९० टक्के, ९० टक्के असे आकडे सहज मिळतात, कारण सहा तासांत अभिक्रिया समतोलाला पोचलेली असते. उत्प्रेरकाच्या निम्म्या जागा मेल्या तरी समतोल तोच येतो. म्हणून पुनर्वापर अशा वेळेवर मोजा जिथे पहिल्या फेरीत रूपांतर ५० टक्क्यांच्या आसपास असेल, बहुधा एक तास. दर फेरीनंतर मेथनॉल, मग हेक्सेन, मग ८० अंशांवर वाळवणे. गाळताना थोडा माल हरवतोच. पुढच्या फेरीत उरलेल्या वजनाच्या प्रमाणात तेल आणि मेथनॉल कमी करा. चुंबकी ढवळा कोळसा दळून त्याचे पीठ करतो, म्हणून या चाचणीला वरून लावलेला ढवळा वापरा.

उतार कशामुळे येतो ते दोन प्रयोगांत कळते. थकलेला उत्प्रेरक १ मोलर गंधकाम्लाने खोलीच्या तापमानाला दोन तास धुवा आणि पाण्याने बेरियमची परीक्षा उतरेपर्यंत विसळा. क्रिया परत आली तर जागा शाबूत होत्या, सोडियम-कॅल्शियमने अडवल्या होत्या. परत आली नाही तर गट सुटून गेले आहेत, किंवा छिद्रे तेलाने बुजली आहेत. हेक्सेनमध्ये रिफ्लक्स करून बघितल्यावर दुसरी शक्यता कळते. मेथनॉल काही सल्फॉनिक गटांचे एस्टरही करते, गरम पाण्याने ते हळूहळू मोकळे होतात.

वड्याच्या कढईतले तेल

वापरलेल्या तळणीच्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढलेली असतात, तेलाच्या धंद्यात त्यांना एफएफए म्हणतात. ती दोन टक्क्यांच्या वर असली की कॉस्टिक-मेथनॉलच्या नेहमीच्या पद्धतीत साबण होतो आणि थर सुटत नाहीत. या उत्प्रेरकाचे खरे काम तिथे आहे. एफएसएसएआयच्या (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपुढे गेलेले तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, त्यामुळे असे तेल गोळा करणारी साखळीही आता आहे. करंजाचे जुने तेलही याच वाटेने जाते.

बटाटेवड्याच्या, फरसाणाच्या तेलात मीठ असते, आणि मीठ या उत्प्रेरकाचा वैरी. आम्लता मोजताना आपण मिठानेच प्रोटॉन बाहेर काढले होते, तेच इथे चंबूत घडते. म्हणून तेल आधी कापडातून गाळा, त्याच्या एक-तृतीयांश गरम पाण्याने दोनदा धुवा, थर सुटू द्या, मग ११० अंशांवर बुडबुडे थांबेपर्यंत तापवून कोरडे करा.

आम्लांक १२ असलेल्या १०० ग्रॅम तेलात सुमारे ६ ग्रॅम मुक्त मेदाम्ल असते. त्याच्या वीसपट मोल म्हणजे १७ मिली मेथनॉल, उत्प्रेरक ५ ग्रॅम, ६५ अंश, चार तास. आम्लांक ३ च्या आसपास अडकला तर तयार झालेले पाणी अडवत आहे. मेथनॉल-पाण्याचा वरचा थर काढून टाका आणि ताजे १० मिली मेथनॉल घालून आणखी दोन तास चालवा. २ च्या खाली आले की उत्प्रेरक गाळून पुढची पायरी नेहमीच्या पोटॅश-मेथनॉलने करा. तयार बायोडिझेलचा आम्लांक भारतीय मानकानुसार ०.५० च्या आत हवा. पहिल्या दोन-तीन घाण्यांच्या बायोडिझेलमध्ये जस्त, तांबे, कॅल्शियम आणि फॉस्फरसही तपासून घ्या. गाळातून आलेला माल असल्याने ही तपासणी सोडू नये.

फेरिकवाल्या आणि चुनावाल्या गाळाचे काय?

फेरिक क्लोराइड घातलेल्या गाळातले लोह धुऊन टाकण्याऐवजी ठेवा. आम्लधुणी न देता ७०० ते ८०० अंशांवर कोळसा केला तर कार्बन लोहाचे क्षपण करतो आणि चुंबकाला चिकटणारी काळी भुकटी मिळते. हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर पीएच ३ च्या आसपास ती रंग आणि फिनॉल मोडते. इथे फसगत शोषणाची होते: कोळसा रंग नुसता चोखून घेतो आणि पाणी पांढरे दिसते. म्हणून आधी पेरॉक्साइडशिवाय तासभर ढवळून रंग स्थिर होऊ द्या, मग पेरॉक्साइड घाला, आणि शेवटी कोळसा अल्कोहोलने धुऊन त्यातून किती रंग परत येतो ते बघा.

चुना घातलेल्या गाळाची राख ९०० अंशांवर भाजून क्षारीय उत्प्रेरक करता येईल असे वाटते. पण गाळातला फॉस्फेट कॅल्शियमला ॲपटाइटच्या रूपात बांधून ठेवतो आणि सिलिका उरलेल्याचा सिलिकेट करते. एकूण कॅल्शियम कितीही दिसो, मोकळा चुना थोडाच असतो. अंड्याची टरफले भाजून यापेक्षा चांगला क्षारीय उत्प्रेरक मिळतो.

तयार माल घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. तो हवेतले पाणी ओढतो, म्हणून वापरण्याआधी १०५ अंशांवर दोन तास वाळवा. बाटलीवर नुसते नाव आणि तारीख पुरत नाही. गाळ कुठल्या महिन्याचा, आम्लधुणीच्या आधी आणि नंतर राख किती टक्के, आणि मिठाच्या टायट्रेशनचा आकडा किती, हेही लिहा. जुलैचा आणि जानेवारीचा घाणा एकाच केंद्राचा असला तरी एका बाटलीत मिसळू नका.